डावीकडे वळलेला ड्रॅगन

टेलरने ड्रॅगन शिवून आणला तेव्हा त्याला पंख होते. मालकीणबाईंनी थिएटरच्या दारात तो उलगडून बघितला, भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"याला पंख कुणी सांगितले होते?"

"ड्रॅगन म्हटल्यावर पंख आलेच की," टेलर म्हणाला.

मालकीणबाईंनी त्याला पोस्टरसमोर नेऊन उभं केलं. सिनेमा मुलांचा, कार्टूनचा होता, पण गोष्ट चीनमधली आणि फार जुनी होती. नदीतला एक मासा प्रवाहाच्या उलट पोहत जातो, धबधब्यावरचं दार उडी मारून ओलांडतो आणि त्याचा ड्रॅगन होतो. तिकडच्या ड्रॅगनला पंख नसतात. सापासारखं लांब अंग, हरणासारखी शिंगं, माशाचे खवले आणि म्हाताऱ्यासारखी दाढी. तो आग ओकत नाही, पाऊस पाडतो. टेलरने सगळं ऐकून घेतलं, ड्रॅगन इतका साधा आहे हे आधी सांगायला हवं होतं असं पुटपुटला आणि पंख उसवायला बसला. कापड वाया जाऊ नये म्हणून त्याने त्यांचे कान केले. पोस्टरवरच्या ड्रॅगनचे कान एवढे मोठे नव्हते, पण आता वेळही नव्हता.

वेळ नव्हता, कारण दुपारी चारच्या खेळावर थिएटरचं सगळं भवितव्य टांगलेलं होतं. वडील गेल्यापासून नऊ वर्षं मालकीणबाई ते एकटीने चालवत होत्या. मागच्या सिनेमाला चार माणसं आली होती, त्यातली दोन पंख्याखाली बसायला. सिनेमे पाठवणाऱ्या वितरकाने फोनवर सरळ सांगून टाकलं होतं, या खेळाला निम्म्या खुर्च्या भरल्या तर सुट्टीतले सगळे सिनेमे तुम्हाला, नाहीतर आपला रामराम. डोकी मोजायला त्याने एक माणूसही पाठवला होता. तो गळ्यात मफलर गुंडाळून लॉबीत बसला होता आणि ठेवलेल्या चहाकडे बघतही नव्हता.

म्हणून ही ड्रॅगनची मिरवणूक. कापडाखाली सात जण चालणार होते. मधे थिएटरचा डोअरकीपर, टेलरचे दोन मेहुणे आणि त्यांनी पकडून आणलेले दोन मित्र. डोक्यामागे टेलर स्वतः, म्हणजे कुठे शिवण उसवली तर सुई हाताशी. आणि डोकं उचलायला पोस्टमनकाका. ते तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते आणि घरात बसून बायकोच्या कामात चुका काढत होते, त्यामुळे त्यांना घेऊन जा असा निरोप त्यांच्या घरूनच आला होता. बत्तीस वर्षं खांद्यावर पिशवी वाहिलेला माणूस, बांबूच्या कामट्यांचं डोकं त्यांना जड नव्हतं. अडचण एकच होती. ड्रॅगनच्या जबड्यातून समोरची दोन हात जमीन सोडून काहीच दिसत नव्हतं.

"दिसायला कशाला पाहिजे?" पोस्टमनकाका म्हणाले. "रस्ते माझ्या पायांना पाठ आहेत."

ते खरं होतं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

ठरलं होतं ते असं. चौकापर्यंत सरळ, चौकात उजवीकडे, शाळेला वळसा आणि परत. तीनला निघून साडेतीनला दारात. चौकापर्यंत ड्रॅगन झोकात गेला. पण चौकातून पोस्टमनकाका बत्तीस वर्षं रोज डावीकडे वळले होते, आणि पायांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पाय डावीकडे वळले. मागच्या सहा जणांना पुढच्याच्या टाचांखेरीज काही दिसत नव्हतं, तेही वळले.

थोडं पुढे गेल्यावर टेलरने नाक वर केलं.

"काका, आपण शाळेकडेच चाललोय ना?"

"शाळेकडेच."

"मग बेकरीचा वास कुठून येतोय?"

"शाळेत आज काहीतरी असेल," काका म्हणाले आणि थांबले. आपण का थांबलो ते त्यांनाही कळलं नाही. पायांना कळलं होतं. समोर निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं फाटक होतं.

बाई चष्मा पुसत बाहेर आल्या. एवढा मोठा ड्रॅगन दारात उभा असूनही त्यांनी आधी खाली, चपलांकडे बघितलं. मग ड्रॅगनला विचारलं, पोस्टमन, माझं काही आहे का. काकांना तेव्हा कुठे आपण कुठे आलो आहोत ते उमगलं. मागे फिरायचं म्हटलं तर गल्ली अरुंद, आणि सात माणसांचं ते धूड तिथे वळवायला अर्धा दिवस गेला असता. पुढे जाणंच जवळचं होतं. काकांची टपाल वाटायची वाट थिएटरच्या मागच्या फाटकाशीच संपत असे, एकशे सहा घरं घेऊन.

पण बाईंना रिकाम्या हाताने परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. बत्तीस वर्षांत कुणाच्या दारात कशाची वाट बघितली जाते ते त्यांना पत्त्यांइतकंच पाठ झालं होतं. ते ड्रॅगनच्या तोंडातून म्हणाले, पत्र नाही बाई, सिनेमाचं सांगायला आलोय, आज चारला आहे. बाईंनी विचारलं, मुलांचा खेळ तो, माझ्यासारखीने बघण्यासारखं त्यात काय आहे? काकांनी सिनेमा बघितलेला नव्हता. पण त्यांनी जरा विचार करून सांगितलं, की त्यात एक शिक्षिका आहे आणि तिला ड्रॅगनसुद्धा घाबरतो.

बाई आत पर्स आणायला गेल्या.

कापडाखालून टेलरने कुजबुजत विचारलं, "अशी शिक्षिका आहे का हो त्यात?"

"असेल की. मासा एकदम ड्रॅगन होतो, कुणीतरी शिकवलंच असेल ना त्याला."

मग प्रत्येक फाटकाशी तेच झालं. कोपऱ्यावरच्या आजींच्या दोन्ही सुना परगावी होत्या आणि फोन उचलत नव्हत्या. त्यांना काकांनी सांगितलं की सिनेमात एक सासू आहे आणि शेवटी तिचंच खरं निघतं. पुढच्या घरी निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहत. त्यांनी विचारलं, रेल्वे आहे का? काका आहे म्हणाले. ड्रायव्हरसाहेबांना शंका आली. एवढ्या जुन्या काळात चीनमध्ये रेल्वे होती? काकांनी शांतपणे उत्तर दिलं, ती कशी आली तेच तर दाखवलंय. बेकरीवाल्याला त्यांनी ड्रॅगन पाव भाजतो असं सांगितलं, कारण तसाही तो आग ओकत नसेल तर त्याने काहीतरी करायला हवंच होतं.

एका बंगल्यातला कुत्रा अकरा वर्षं काकांवर भुंकत आला होता. तीन महिने त्याला भुंकायला हक्काचं माणूस उरलं नव्हतं. चपलांचा वास येताच तो कुंपणावरून उडी मारून आला, कापडाखाली शिरला आणि काकांच्या पायांशी अगदी गुण्यागोविंदाने चालू लागला. त्याला शोधायला बंगल्यातली माणसं निघाली. ड्रॅगनला आता अठरा पाय होते आणि मागे सगळी वस्ती.

इकडे थिएटरमध्ये चार वाजून गेले होते आणि आत अकरा माणसं होती. मालकीणबाईंनी वेळ काढायला सूचनांच्या पाट्या पडद्यावर दाखवायला लावल्या. सिगारेट ओढू नये ही पाटी तिसऱ्यांदा आली तेव्हा मधल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने, मी ओढतच नाही हो, असं मोठ्याने सांगितलं. मफलरवाल्याने घड्याळ बघितलं, कागदावर अकरा आकडा लिहिला आणि पेनाचं टोपण लावलं.

"ड्रॅगन येतोय, दहा मिनिटं थांबा," मालकीणबाई म्हणाल्या.

"बाई, ड्रॅगन तिकीट काढणार आहे का?"

ड्रॅगन चार चाळीसला मागच्या फाटकातून आला. त्याचा एक कान लोंबत होता आणि मागून इतकी माणसं येत होती की डोअरकीपरला कापडातून ओढून काढून दारावर उभं करावं लागलं. खुर्च्या संपल्या. शिलाईच्या दुकानातली दोन स्टुलं आली. मफलरवाल्याने अकरावर काट मारली, मोजायला लागला, दोनदा चुकला आणि शेवटी ठेवलेला चहा थंडच प्यायला.

मालकीणबाईंना हायसं वाटलं ते मध्यंतरापर्यंत. मध्यंतरात ड्रायव्हरसाहेब आले आणि त्यांनी अदबीने विचारलं, रेल्वे केव्हा येते? त्यांच्या मागे सासूची चौकशी करणाऱ्या आजी होत्या. त्यांच्या मागे बेकरीवाला. मफलरवाला चार पावलांवर उभा राहून ऐकत होता.

मालकीणबाई तशाच मागच्या अंगणात गेल्या. पोस्टमनकाका पाय बादलीत सोडून बसले होते आणि कुत्रा बादलीतलं पाणी पीत होता.

"काका, काय काय सांगितलंत लोकांना?"

काकांनी सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

"आता मी रेल्वे कुठून आणू?" मालकीणबाई पायरीवर बसल्या. "हे लोक बाहेर येऊन ओरडले की तो माणूस तसंच लिहून नेणार. खुर्च्या भरल्या ते राहील बाजूला, लोकांना फसवून बसवलं हे जाईल. मग वडिलांचं थिएटर मी कुणाला दाखवू?"

काकांनी पाय बादलीतून काढले, पुसले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. लोकांना जे बोलायचं ते मला बोलू देत, एवढंच म्हणाले.

सिनेमा सुटला. पहिले ड्रायव्हरसाहेब आले, अगदी पडलेल्या चेहऱ्याने. काकांनी मान खाली घातली.

"काय सांगू पोस्टमन, मध्यंतरानंतर माझा डोळा लागला," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "गाडी नेमकी तेव्हाच गेली बघ. नोकरीत एकदाही झोपलो नाही कधी."

आणि त्यांनी खिडकीवर उद्याचं तिकीट मागितलं. आजींच्या पुढे एक उंच माणूस बसला होता, त्याच्या डोक्याआड सासू येऊन गेली असणार याबद्दल त्यांची खात्री होती. त्यांनी उद्याची पहिली रांग मागितली. बेकरीवाला मुलाला घेऊन मधेच बाहेर गेला होता आणि तेवढ्यात पाव भाजून झाले, असं तो मुलाला ऐकवत होता. मुख्याध्यापिकाबाईंचं मात्र सगळं बघून झालं होतं. सिनेमातली म्हातारी कासवीण म्हणजेच शिक्षिका, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि ज्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं तेही रांगेत उभे राहिले.

मफलरवाल्याने रांगेकडे बघत वितरकाला फोन लावला. सिनेमा बघून बाहेर आलेले लोक तोच सिनेमा पुन्हा बघायला रांग लावतायत, इतक्या वर्षांत मी असं बघितलं नाही, असं तो सांगत होता. सुट्टीतले सिनेमे इथेच पाठवा, असंही म्हणाला. मग मालकीणबाईंना बाजूला घेऊन त्याने हळूच विचारलं, ती रेल्वे नक्की कुठे येते, मोजण्याच्या नादात माझी राहिली.

मालकीणबाईंनी पोस्टमनकाकांकडे बघितलं. काका पोस्टरकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी पोस्टमनकाका बायकोला घेऊन सिनेमाला गेले. सुरुवातीच्या पाटीपासून शेवटच्या नावांपर्यंत त्यांनी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. घरी येताना चौकात डावीकडे वळल्यावर बायकोने विचारलं, कसा वाटला?

"बरा आहे," काका म्हणाले. "पण मी सांगितलं होतं त्यातलं निम्मंसुद्धा घेतलेलं नाही त्यांनी."