चौधरी सरांचा आकडा

चौधरी सर आमच्याकडे जेवायला आले की पहिल्या घासाआधी वरणाचं तापमान घेतात. खिशातून पेनासारखा थर्मामीटर काढायचा, वाटीत बुडवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि जाहीर करायचं, "एकसष्ट. अजून थांबा." तोपर्यंत आम्ही सगळे हात आवरून बसतो. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "सर, चटका बसला की कळतंच ना?" तर सर म्हणाले, "चटका हे मोजमाप नाही, वहिनी. हवेत बोलू नका. आकडा सांगा."

"हवेत बोलू नका, आकडा सांगा" हे वाक्य बऱ्हाणपुरातल्या निम्म्या पोरांनी शाळेत ऐकलंय, मीही त्यातलीच. सर विज्ञान शिकवायचे. आम्ही "सर, फार भूक लागली" म्हणालो तर विचारायचे, "फार म्हणजे किती?" किती पोळ्यांची ते सांगितलं की मगच मधली सुट्टी.

पुढे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या मते घरावर संकट आलं. त्यांनी दुधाचं, आंघोळीच्या पाण्याचं, शेजारच्यांच्या कुत्र्याचंही तापमान घेतलं. कुत्रं चावलं नाही, पण पुन्हा त्या बाजूला फिरकलं नाही. बाजारात मावा जलेबीच्या दुकानी पाकात थर्मामीटर घालायला निघाले तेव्हा हलवायानं झारा आडवा धरला. "मास्तरसाब, जलेबी को बुखार नहीं है. आप घर जाओ."

या माणसाला शेवटी योग्य जागा मिळाली ती आमच्या गटात. शाहपूरला केळी उत्पादकांचा एक गट आहे, त्याच्या ऑफिसचं कामकाज मी बघते. बाहेरच्या एका संस्थेनं आम्हाला प्रयोगासाठी बारा सेन्सर दिले. काडेपेटीएवढी डबी, केळीच्या गाडीत ठेवली की आतलं तापमान आणि दमटपणा थेट मोबाइलवर दिसतो. दोनचार डब्या तर पिकणाऱ्या फळातून निघणारा वायूही ओळखतात. हे सगळे आकडे कॉम्प्युटरमधल्या एका मॉडेलला द्यायचे. मग ते सांगतं, कोणता माल दिल्लीपर्यंत हिरवा टिकेल, कोणता इंदूरलाच उतरवावा, कोणत्या गाडीला थंडावा हवा आणि कुठे नुसती हवा खेळली तरी भागेल. हे सांभाळायला माणूस हवा होता. मी सरांचं नाव सुचवलं. काकूंनी मला साडी दिली.

सर गटातल्या लोकांना समजावत, "केळ तोडलं तरी जिवंत असतं. श्वास घेतं, गरम होतं. गाडीत सडलं की रस्त्यावर नुसतं केळ नाही पडत. आपलं पाणी पडतं, खत पडतं, इथून तिथवर जाळलेलं डिझेल पडतं. आणि घाबरून प्रत्येक गाडी बर्फासारखी थंड केली तर आणखी डिझेल जळतं. म्हणून मोजा." भाषण उत्तम असायचं. फक्त ते लग्नातसुद्धा करत.

एका खंडेनवमीला मात्र सरांच्या विज्ञानाची परीक्षा झाली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. विळे, वजनकाटे, ट्रॅक्टर असं सगळं धुऊन मांडतात. केळी भरायच्या शेडमधल्या बायकांनी विचार केला, आता ही डबीसुद्धा आपलं हत्यारच की. त्यांनी सेन्सर ओळीनं पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि प्रत्येकापुढे भरघोस धूप लावला. धुराचा वायू डबीनं पिकल्या फळाचा समजला. मॉडेलनं फर्मान काढलं, सगळा माल पिकलाय, ताबडतोब जवळच्या बाजारात हलवा. सर जेवणावरून उठले, उष्ट्या हातानं स्कूटर चालवत शाहपूरला आले आणि दिल्लीला निघालेली गाडी फाटकात आडवे उभे राहून अडवली. ड्रायव्हर गेंदालाल खाली उतरला, एक फणी मोडून बघितली आणि म्हणाला, "सर, ह्यानं तर दगड फुटंल. पिकलं कुठं?"

सरांना तापायला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी ते पाटासमोर बसले आणि स्वतःच एकेक डबी पुसायला लागले. पुढच्या वर्षीपासून नियम झाला: डबीला फूल चालेल, धूप शेडबाहेर. पुसून ठेवलेल्या डब्यांना सरांनी हळूच नमस्कार केला असं काकू म्हणतात. सर म्हणतात, ते बटण बघत होते.

आता मधूभाऊंचं सांगायला हवं. मधूभाऊ म्हणजे सरांचे धाकटे भाऊ. तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या बाजूला त्यांची केळीची बाग आहे. वडिलोपार्जित शेती तेच करतात, सर शिकून मास्तर झाले. दोघांत फार माया होती. रविवारी मधूभाऊ वांग्याचं भरीत घेऊन यायचे आणि सर त्याचंही तापमान घ्यायचे.

मग आले सेन्सर. पहिल्याच हंगामात सरांनी गटाच्या बैठकीत भिंतीवर दोन गाड्यांचे आलेख दाखवले. एक गाडी संध्याकाळी गारव्यात भरलेली, दुसरी भरदुपारी, उन्हात ढीग मारून. सर म्हणाले, "ही दुसरी पद्धत म्हणजे अडाणीपणाचा नमुना." दुसरी गाडी मधूभाऊंची होती आणि ते पहिल्या रांगेत बसले होते. सरांना आकडा दिसत होता, भाऊ दिसला नाही. मधूभाऊ उठले. "आपला बाप असाच भरत आला, दादा. तोबी अडाणीच होता म्हन. तुझं मास्तरपन शाळेत ठेव." आणि बाहेर पडले. त्यांनी गट सोडला, भरीत बंद झालं, बोलणंही बंद झालं.

सरांनी माफी मागितली नाही. आकडा तर खरा होता, असं त्यांचं म्हणणं. पण संध्याकाळी ते तापीच्या राजघाटावर जाऊन बसायला लागले. एकदा मी तिथे भेटले तर थर्मामीटर हातात धरून पलीकडे बघत होते. "इथे एकतीस आहे," म्हणाले. "पलीकडचं मोजायला कोणी नाही." मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

त्यात वैशाखातल्या वादळानं मधूभाऊंची उभी बाग आडवी केली. केळीला वारा सोसत नाही. सर गेले नाहीत. काकूंना पाठवलं आणि त्या परत येईपर्यंत ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिले. मधूभाऊंनी पुन्हा लावण केली. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता पहिली कापणी आली. पहिली गाडी दिल्लीला निघणार, ती गेंदालालच नेणार, अशी बातमी ऑफिसात आली. सर म्हणाले, "दुपारीच भरेल तो." आणि कागद उगाच इकडचे तिकडे केले.

दुसऱ्या दिवशी मी सेन्सर मोजले तर नऊ नंबरची डबी नव्हती. एरवी टाचणी हरवली तरी सर सगळ्यांना रांगेत उभं करतात. या वेळी म्हणाले, "असेल कुठेतरी." मी चाट पडले.

"कुठेतरी म्हणजे कुठे, सर? हवेत बोलू नका."

"काम कर, मीने," सर म्हणाले.

त्यानंतरच्या दिवशी दुपारी सरांचा मोबाइल ओरडायला लागला. लाल पट्टी, नंबर नऊ, अडतीस अंश. नकाशावर ठिपका दिल्लीच्या वाटेवरच्या गुना शहराच्या अलीकडे हायवेवर थांबलेला. मला तेव्हा उलगडलं.

"सर, मधूभाऊंच्या गाडीत तुम्ही डबी ठेवली?"

"मी नाही. गेंदालालनं ठेवली. मी फक्त दिली." सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "गाडी बिघडली दिसते. उन्हात उभी आहे आणि ताडपत्री करकचून बांधलेली. असंच राहिलं तर संध्याकाळपर्यंत आतला माल शिजेल."

गेंदालालला फोन लावला, बंद. बरोबरच्या दुसऱ्या ड्रायव्हरचा नंबर आमच्याकडे नव्हता. तो फक्त मधूभाऊंकडे, कारण माल त्यांचा.

"तू लाव मधूला," सर म्हणाले.

"आणि काय सांगू? त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं, तर?"

सरांनी मोबाइल टेबलावर ठेवला. न सांगता डबी ठेवली हे कळलं की मधूभाऊ आयुष्यात दारात उभं करणार नाहीत, ही भीती मला स्पष्ट दिसत होती. आणि फोन नाही केला तर भावाची दीड वर्षाची मेहनत रस्त्यात सडणार, हेही समोर दिसत होतं. एकोणचाळीस झाले. सरांनी फोन उचलला. नंबर शोधावा लागला नाही, पाठ होता. खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"मधू, एकोणचाळीस झालंय."

मग मधूभाऊंचा आवाज मलाही ऐकू आला. "कोन? दादा? काय एकोनचाळीस?"

"तुझी गाडी. गुन्याजवळ बंद पडलीय. त्या दुसऱ्या ड्रायव्हरला सांग, ताडपत्री मागून-पुढून उघड, वारा जाऊ दे. धक्का मारून सावलीत घ्या."

"तुले कसं मालूम?"

सर म्हणाले, "डबी ठेवलीय मी. तुला न विचारता."

मला वाटलं, आता स्फोट होणार. मधूभाऊ एवढंच म्हणाले, "बरं. फोन ठेव, मी लावतो त्याले."

मग आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो. सरांनी चहाला हात लावला नाही, त्याचं तापमानही घेतलं नाही. बऱ्याच वेळानं अडतीस झाले. मग सदतीस, छत्तीस. उन्हं कलल्यावर फोन वाजला.

"आता किती, दादा?"

"तेहतीस."

"हां," म्हणून मधूभाऊंनी फोन ठेवला. सरांनी चष्मा काढून पुसला, आणि मग डोळे पुसले. मी खिडकीबाहेरची केळी मोजण्याचं नाटक केलं. काही फण्या गेल्या, पण गाडी दिल्लीला हिरवी पोचली.

नऊ नंबरची डबी मात्र परत आली नाही. गेंदालालनं ती मधूभाऊंच्या हातात दिली आणि त्यांनी ती ओट्यावर खिळ्याला टांगली, वर हळदकुंकू लावून. संस्थेच्या लोकांनी विचारलं तर सर म्हणाले, "नऊ नंबर प्रयोगात आहे." पुढची गाडी मधूभाऊंनी दुपारीच भरली. त्यानंतरची संध्याकाळी भरली, पण ऊन फार होतं म्हणून, असं ते सांगतात.

आता चैत्र लागलाय. काल दुपारी ऑफिसात सरांसमोर मोबाइल उघडा होता. नंबर नऊ, मधूभाऊंचा ओटा, चाळीस पूर्णांक दोन. तेवढ्यात मधूभाऊंचाच फोन आला. हल्ली रोज येतो. सरांनी आकड्याकडे एकवार बघितलं आणि विचारलं, "काय मधू, तिकडं गरमी कशी काय?"

"अरे दादा, काही विचारू नको. लई म्हंजे लईच गरम हो राहिलं."

मी कामातून मान वर केली. आता ते ठरलेलं वाक्य येणार म्हणून वाट बघत होते.

सरांनी मोबाइलचा पडदा बोटानं बंद केला.

"हो ना," ते म्हणाले, "यंदा लईच आहे. पन्हं करायला सांग घरात. मी येतो संध्याकाळी."