गुलाबचा पाय

दगडूमामांच्या शेळीच्या पाठीवर त्यांच्या पलटणीचं चिन्ह रंगवलेलं होतं. वर पांढरा पट्टा, खाली निळा आणि मधोमध पंख फुटलेलं एक अनवाणी पाऊल. तेच चिन्ह दारावर, पाण्याच्या पिंपावर, सायकलच्या मडगार्डवर आणि सोनामामींच्या पोळपाटाच्या मागेही होतं. आमच्या दौंडच्या गल्लीत नवखा पाहुणा आला की त्याला वाटायचं, इथं मिलिटरीचा तळ पडलाय.

मामा सैन्याच्या सिग्नल पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. डोंगरदऱ्यांतून टेलिफोनची तार ओढायची, तुटली की जोडायची, हे त्यांचं काम. आता ते मालधक्क्यावर रखवालदार होते, पण जीव अजून पलटणीतच अडकलेला. जेवतानासुद्धा, "अगं ए, एक भाकरी, ओव्हर!" मामीही काही कमी नव्हत्या. "भाकरी संपली, गपगुमान भात खावा, ओव्हर!" भिंतीपलीकडे आम्ही हसत हसत जेवायचो.

एकदा ती शेळी दावं तोडून स्टेशनात शिरली. फलाटावर मिलिटरीची स्पेशल उभी होती. हमालांनी पाठीवरचं चिन्ह बघितलं आणि सरकारी माल समजून तिला खुशाल डब्यात चढवून दिलं! मी पडलो बुकिंग क्लार्क, त्यामुळे रेल्वेची सगळी लचांडं माझ्याच गळ्यात. केडगावला जाऊन तिला परत आणताना मी पुरता वैतागलो होतो. मामांची छाती मात्र फुगली होती. "बगितलं का? आजून मानत्यात चिन्हाला!"

पण खरी मजा त्या पायाच्या इतिहासात होती. "ह्यो पाय कुनाचा, ठावं हाय का?" असं विचारल्याशिवाय मामा कुणाला चहा पाजत नसत. पाय होता त्यांच्या जोडीदाराचा, निमोण्याच्या लान्स नाईक गुलाबचा. बर्फात तार तुटली, वायरलेस बंद पडला, तेव्हा गुलाब निरोप घेऊन धावत सुटला. ओढ्यात एक बूट वाहून गेला तरी गडी थांबला नाही. कर्नलसाहेब म्हणाले, याच्या पायाला पंख फुटलेत, हा पाय चिन्हावर घ्या! ही कथा दर वर्षी थोडी वाढायची. आधी एक ओढा होता, त्याचे दोन झाले. मग अस्वल आलं. मामी आतून ओरडायच्या, "औंदा वाघ घाला!"

आणि एक दिवस मीच बातमी आणली. मामांची पलटण स्पेशल गाडीनं मनमाडकडे निघाली होती. पुण्याहून येणाऱ्या गाडीला तिकडे जायचं तर दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं, म्हणजे गाडी चांगली थांबणार. मामांनी गल्लीभर फर्मान काढलं. "चला समदी! पलटनीच्या तोंडूनच ऐका. मंग बगू कोन हसतंय."

अख्खी गल्ली फलाटावर हजर झाली. गाडी आली. एका डब्याच्या दारात भरघोस मिशांचे सुभेदार उभे होते, साताऱ्याकडचे. मामांनी कडक सॅल्यूट ठोकला, लाडवांचा डबा पुढे केला आणि ओढ्यांसकट, अस्वलासकट सगळा इतिहास धडाधड सांगून टाकला. मग ऐटीत आमच्याकडे हात केला. "साहेब, सांगा ह्यास्नी, ह्यो पाय कुनाचा!"

सुभेदार हसले. "अवो हवालदार, कुनाचा म्हंजी? पलटण उभी राहिली तवाच पहिल्या साहेबांनी काढून घेतलेलं चित्र हाय ते. तवा तुम्ही-आम्ही कुनी भरतीबी झालो नव्हतो."

गल्ली खो खो हसली. मीही हसलो. मामा तेवढे हसले नाहीत.

"ते मला ठावं हाय, साहेब." इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पन गुलाब तार वढता वढता तापानं ग्येला. गोळीनं ग्येला असता तर दगडावर नाव आलं असतं. तापाचं कोन लिवतंय? म्हनलं, निदान पाय तरी त्येचा असूद्या."

तिकडे इंजिन लागलं, शिट्टी झाली.

सुभेदार खाली वाकले. "नाव काय म्हनालात त्यांचं?"

मामा तोंड उघडणार, तेवढ्यात मागून सोनामामी खणखणीत ओरडल्या, "लान्स नाईक गुलाब! निमोण्याचा!"

गाडी हलली. सुभेदारांनी मान डोलावली आणि आतल्या कोवळ्या जवानांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "ए लडके लोग, इधर आओ! अपने निशान पर ये पाँव किसका है, मालूम है? एक था लान्स नाईक गुलाब..."

मामा डब्याबरोबर धावू लागले. टोपी पडली, त्याचं भान नाही. "साहेब! डावा बूट! व्हाऊन ग्येला त्यो डावा व्हता, नीट सांगा!"

या वयात पडतील म्हणून मी त्यांना आवरायला निघालो. मामींनी हात आडवा घातला.

"पळू द्या त्यांस्नी," त्या पदरानं डोळे टिपत म्हणाल्या.