दोनशे तासांची ऊब

माझे कान साधे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. शेणवे गावातल्या घरात बसून मी गाण्यातल्या तबलजीच्या बोटातली अंगठी ऐकतो! फक्त त्यासाठी डॅक-ॲम्प लागतो. म्हणजे लॅपटॉप आणि हेडफोन यांच्या मधे बसून आवाज स्वच्छ करणारा, जेवणाच्या डब्याएवढा खोका. फार महाग नाही, पण बायकोला किंमत दोनदा सांगायची हिंमत होऊ नये, एवढा.

"दोनशे तास सलग चालू ठेवायचा, मग आवाज खुलतो," मी देवकीला बजावलं. "बंद करायचा नाय, धूळ बसू द्यायची नाय." वरून रुमाल घातला. खोका अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा गरम राहू लागला.

देवकीला त्या टेबलावर शिलाई मशीन ठेवायची होती. मी मात्र रोज कामावरून आलो की हेडफोन चढवून तिला सांगायचो, "कालच्यापेक्षा खुललाय." बुधवारी तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "देवके, आज कळस झाला!" ती नुसती हसली. मला वाटलं, हिलाही संगीत कळायला लागलं.

शनिवारी ती म्हणाली, "डोळं बांधून ओळखा, खोका कुठला नि नुसता लॅपटॉप कुठला. ओळखलंत तर खोका राहील. नाय तर टेबल माझं."

पंच ठरला मुकेश, माझा मुरबाडचा मित्र. रविवारी तो वालाचं बिरडं खायला येणारच होता.

रविवारी डोळ्यांवर टॉवेल बांधून मी ऐटीत बसलो. मुकेशने गाणं लावलं.

"हा लॅपटॉप," मी तोंड वाकडं केलं. "सपाट. जीव नाय."

मग रुमाल उचलल्याची चाहूल लागली. मुकेश खोकला, बराच वेळ खोकला. "हां, आता ऐक," तो कसाबसा म्हणाला.

"आहाहा! हा खोका! काय ती खोली! अंगठी ऐकू येते रे!"

टॉवेल काढला. मुकेशच्या हातात आमचा स्टीलचा डबा होता. रुमालाखाली तोच होता. हेडफोनची वायर मागून सरळ लॅपटॉपात गेलेली.

"खोका कुठंय?" मी ओरडलो.

"मंगळवारपासून सैपाकघरात," देवकी म्हणाली. "या थंडीत वालाला मोड येईनात. तुमीच म्हणालात, बंद करायचा नाय. म्हटलं, फुकट कशाला तापतोय?"

आत ओट्यावर माझा खोका चालू होता. त्याच्यावर ओल्या फडक्यात वालाचं गाठोडं, आणि गाठोड्यातून बोटभर मोड डोकावत होते. मी गुपचूप टेबल रिकामं करून दिलं. बिरडं इतकं सुरेख झालं होतं की रागावताही येईना.

निघताना मुकेशने मला बाजूला घेतलं.

"दिपेश, मॉडेलचं नाव लिहून दे रे. आईला घ्यायचाय."

मी खूश झालो. निदान एकाला तरी पटलं! घाईघाईने विचारलं, "आणि हेडफोन कुठले घेणार?"

"हेडफोन नकोत," मुकेश म्हणाला. "तिच्याकडे मटकी असते."