साठ किलोचा माणूस

"आला बघ भाकरी मोजणारा! आता जेवण गार होतंय आपलं."

दापोडीच्या चाळीत पडद्याआडून सुमनवहिनींचा आवाज आला. बाहेर कुलथे सर तराजू सावरत उभे होते आणि त्यांच्या मागे मी, जमेल तितकी लपून. सरांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "चला," ते मला म्हणाले, "घराला आपली सवय होतेय."

कुलथे सर चिंचवडला आमच्या डबाबंद फळांच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख. डब्याचा सांधा शिशाने झाळत, आणि त्यातलं थोडं शिसं आतल्या रसात उतरे. माणसाच्या पोटात एकूण किती शिसं गेलेलं चालेल, हे त्या वर्षी परदेशातल्या एका बैठकीत सगळ्या जगासाठी ठरणार होतं. मसुदा सरांकडे अभिप्रायाला आला आणि सरांची झोप उडाली. त्या हिशेबात माणूस साठ किलोचा धरला होता. तो पाव, मांस आणि बटाटे खाई. शिसं तर धान्यातूनही थोडं पोटात जातं, आणि भाकरीचा कुठे पत्ताच नव्हता.

"हा गृहस्थ मला पिंपरीत दाखवा," सर म्हणत. स्टेशनवर ते येणाऱ्याजाणाऱ्याला आपादमस्तक न्याहाळत आणि पुटपुटत, "पंचेचाळीस... हा पन्नास, तोही ओल्या कपड्यांसकट." पिंपरी कॅम्पात एका मिठाईवाल्याला बघून ते जागीच थबकले. त्याला विनवून वजनकाट्यावर उभं केलं. काटा साठाच्या पुढे गेला तसा सरांनी त्याचा हात हातात घेतला. "शेठ, सगळं जग तुमच्यासाठी नियम करतंय!" शेठने घाबरून पाव किलो पेढे बांधून दिले.

म्हणून मग संध्याकाळी आमची वरात कामगारांच्या घरोघर. तीही ऐन जेवणाच्या वेळी, कारण भाकरी तव्यावरून उतरली की थेट तराजूत जायला हवी. मला घेतलं होतं इंग्रजी लिहायला, पण प्रश्नही मीच विचारायचे, असा सरांचा हुकूम. कॉन्व्हेंटात शिकलेली मी पहिल्याच दारात म्हणाले, "आपण दिवसाकाठी किती भाकऱ्यांचं सेवन करता?"

अख्खी चाळ हसली. सर हसले नाहीत. "बरोबर विचारलंय तिने. सांगा की, किती सेवन करता?"

त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे. अनोळखी दारात उभं राहून बोलायला मी तिथून शिकले.

घोटाळा झाला तो वेगळाच. एका चाळीत बायकांना वाटलं, साहेब आपली भाकरी पातळ म्हणून लिहून नेईल आणि अब्रू जाईल. तिथल्या भाकऱ्या परातीएवढ्या झाल्या. पलीकडच्या चाळीत बातमी पोचली की कमी खाणाऱ्यांचं रेशन वाढणार. तिथे भाकऱ्या पुरीएवढ्या, आणि पोरं आम्हाला बघून मुद्दाम खोकायची.

सरांनी कपाळाला हात लावला. "या सगळ्या पाहुण्यांसाठीच्या भाकऱ्या. आपल्याला सवयीची हवी. आपण आलोय याचा घराला विसर पडला पाहिजे."

मग ते त्याच घरांत पुन्हा पुन्हा जाऊ लागले. तराजू भिंतीला टेकवून पोरांच्या रांगेत मांडी घालत. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं की म्हणत, "उत्तम! अजून एक घर बघू."

अभिप्रायाची मुदत जवळ आली. एका संध्याकाळी सरांनी सुमनवहिनींच्या धाकट्या मंदाला उचलून घेतलं. "ही साठ किलोची कधी होणार? आणि तोवर हिनं काय खायचं?"

वहिनींचा भाकरी थापणारा हात थांबला. "मग लिवा की तसं, सायेब. आमची मंदा हाय म्हणून लिवा."

तसंच लिहिलं. मर्यादा ठरवताना लहान मुलाचं वजन धरा, आणि ज्यांचं पोट धान्यावर भरतं त्यांचं जेवण धरा, एवढंच मी इंग्रजीत मांडलं. सरांनी माझ्याकडून ते मोठ्याने वाचून घेतलं, दोनदा. बैठकीला पाठवायचे कागद मुदतीत दिल्लीला गेले.

दुसऱ्या संध्याकाळी सर कारखान्याच्या फाटकाशी तराजू घेऊन हजर. "चला, दापोडी?"

"सर, कागद कालच गेले."

"हो की," सर म्हणाले. "गेले, नाही का." मग तराजूच्या साखळ्या गुंडाळून पिशवीत भरू लागले. साखळ्या सुटत होत्या, ते पुन्हा गुंडाळत होते.

वॉचमन म्हणाला, "साहेब, आज लवकर घरी?"

"हो. दूध-पोहे आहेत की घरी. एकट्याला पुरतात."

आकडे कधीच पुरे झाले होते. मीच ते टाइप केले होते. तरीही सर रोज अजून एक घर का शोधत, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. सर पिशवी काखेत मारून निघाले. मी त्यांच्यामागे धावले.

"सर, आईने सांगितलेलं नाही, मीच बोलावतेय. रविवारी आमच्याकडे जेवायला या."