शंकरभाऊचं चार घंट्याचं बेट

आमच्या नाकाडोंगरीत समुद्रातल्या बेटाची माहिती माह्यायेवढी कोनालेच नाही. समुद्र मी अजून पाहिला नाही, अन् बेट पाहिलं ते आमच्याच तलावातलं, तिथंही एकटाच मांगं राहून गेलो होतो. हे सारं शंकरभाऊच्या पायी.

शंकरभाऊ माहा शेजारी. चिखल्याच्या मँगनीजच्या खानीत त्याची पुरी नोकरी बिल्ले मोजन्यात गेली. खाली उतरनाऱ्या हरेक मानसाचा एक पितळी बिल्ला. उतरताना बोर्डावरून काढाचा, वर आला का आपल्या खिळ्याले टांगाचा. एक खिळा जरी रिकामा दिसला तं शंकरभाऊ घरी येत नोयता. "आत गेले तेवढे बाहेर आले पाह्यजे," हे त्याचं एकच वाक्य. मानूस रिटायर झाला, वाक्य नाही झालं. लग्नात गेला तरी वरात मंडपात शिरताना मोजे, निंगताना मोजे. एका लग्नात निंगताना एक मानूस जास्त भरला. तो मी होतो. जेवाले घुसलो होतो, अन् गर्दीत वरातीच्या गाडीत चढलो होतो.

तर झालं असं. शंकरभाऊची पोरगी रंजू पुन्याले राह्यते. तिच्या नवऱ्यानं जहाजाची सहल ठरवली. मुंबईहून निंगाचं, समुद्रात फिराचं, अन् मधात एका बेटावर चार घंटे थांबाचं. जहाज मोठं, काठाले लागत नाही, म्हनून लहान बोटीनं बेटावर सोडतात, अन् टाइम झाला का उचलून आनतात. जानार कोन, तं रंजू, जवाई, अन् चार वर्साची नात परी. शंकरभाऊले कोनी बलावलं नोयतं. पन रंजूनं फोनवर सहज सांगतलं, अन् दुसऱ्याच दिवसापासून ह्यानं त्या चार घंट्याचा प्लान कराले घेतला. प्लानमंधी चार मानसं होती.

चौथं कोन ते साऱ्या गावाले समजलं होतं. जवायाले तेवढं समजून नोयतं राहिलं.

शंकरभाऊनं शाळेची जुनी वही घेतली अन् दर दहा मिनिटाचा हिशेब मांडला. उतरल्यावर पह्यले परीले शू. मंग टोपी. मंग पानी, पन दोनच घोट, नाहीतर फिरून शू. वाळूत खेळ वीस मिनिट. मुरमुरे. सुकी चड्डी दोन, त्याइच्यातली एक आजोबाच्या खिशात. मी तिसरी नापास, मले त्यानं हे वाचाले देलं. मी मान डोलावली. वही उलटी होती. त्यानं सुलटी करून देली.

दिवाळीले रंजूचं कुटुंब आलं, तं शंकरभाऊनं तालीम काढली. तलावाच्या मधात बाभळीची टेकडी हाये, दिवाळीत चारही बाजूनं पानी राह्यते. ते बेट. शिंगाडे काढनाऱ्या ढिवराचा डोंगा, ते बोट. तलावाची पाळ, काठचा मातीचा बांध, ते जहाज. पाळीवरच्या आंब्याले त्यानं फळी ठोकली, पाच खिळे मारले, अन् डब्याच्या पत्र्याचे पाच बिल्ले कापून आनले. पाचवा कोनाचा म्हनून इचारलं तं म्हने, तुहा. बेटावर दुसरंही पब्लिक राह्यते ना, तू पब्लिक.

मले लय आनंद झाला. जिंदगीत पह्यल्यांदा कोनीतरी मले पब्लिकमंधी मोजलं होतं.

बेटावर सारं टाइमानं झालं. पोरगी इतकी हुशार, का शू म्हटलं का शू. मुरमुऱ्याचा टाइम आला तेवा मुरमुरे नोयते, कारन पब्लिकनं ते डोंग्यातच खाल्ले होते. जवाई सारा वेळ रेंजसाठी मोबाइल आभाळाकडं धरून उभा. मी म्हटलं आता वीस मिनिट वाळूचा खेळ हाये, आपलं काय काम. बाभळीखाली आंग टाकलं. शंकरभाऊनं परीले घेऊन एका डोंग्यात पह्यले निंगाचं अन् मी रंजू-जवायासोबत दुसऱ्या खेपीत, असं ठरलं होतं. दुसऱ्या खेपीत ते दोघं चढले. मी घोरून राहिलो होतो.

पाळीवर चार बिल्ले टांगले गेले, पाचवा खिळा रिकामा. झालं. शंकरभाऊ कोनाले घरी जाऊ देईना. जवायाले ऑफिसचा फोन येनार होता, पोरगी भुकेनं रडून राहिली होती, तरी डोंगा वापस पाठवला. मले उठवून आनलं. शंकरभाऊनं हात पुढं केला. मी खिसा चाचपला, दुसरा चाचपला. बिल्ला बाभळीखालीच राहिला होता.

मी म्हटलं, मानूस तं आला ना भाऊ. तो म्हने, बिल्ला नाही तं मानूस नाही, अन् डोंगेवाल्याले अखीन एक खेप सांगू लागला.

तेवा जवाई बोलला. मोठ्यानं नाही बोलला, पन पाळीवर शिंगाडे निवडत बसलेल्या बायांनीही हात थांबवले.

"बाबा, हे चार तासांचं फिरणं आहे, खाण नाही. आणि तिकिटं आम्ही तीनच काढली आहेत."

मी जागा राहिलो असतो, मुरमुरे खाल्ले नसते, बिल्ला खिशात ठेवला असता, तं ते वाक्य त्या दिवशी निंगालं नसतं. कदाचित चौथं तिकीटही निंगालं असतं. हे मले तेवाच समजलं, अन् समजल्यावर मी काय केलं, तं हासलो. मले दुसरं येतच नाही.

शंकरभाऊनं फळीवरून तीन बिल्ले काढले अन् परीच्या हातात देले. म्हने, "बरोबर हाये. मोजनारा खाली उतरत नसते, तो वरतेच राह्यते." मंग खाली बसून तिले पुरं शिकवलं: आईचा हात कोनता, बोटीत चढताना पाय कोनता, आईबाबा दिसले नाही तं जागेवरून हालाचं नाही. पोरगीनं तीनदा म्हनून दाखवलं. सुकी चड्डी त्यानं खिशातून काढून रंजूजवळ देली.

जहाज बेटाजवळ पोचलं तो दिवस ऐतवार होता. अकरा वाजतापासून शंकरभाऊ ओट्यावर, मांडीवर वही, समोर फोन. मी जीपवर सवाऱ्या ने-आन करतो, ते खेप सोडून मीही जाऊन बसलो. म्हटलं म्हताऱ्याले सोबत पाह्यजे, आपल्यामुळंच बिचारा इथं हाये. अर्ध्या अर्ध्या घंट्यानं तो सांगे, आता टोपी घातली असंन. आता वाळूत असंन. मी हो म्हनो. तीन वाजता बेट सोडाचं होतं. तीन झाले, साडेतीन झाले, फोन नाही. शंकरभाऊ घडीघडी फोन उचलून पाहू लागला. मी दोन जोक सांगतले, त्यातला एकही त्यानं ऐकला नाही.

चार वाजून गेल्यावर फोन वाजला. रंजू म्हने चढलो बाबा, तिघंही, रेंज नोयती. मांगून परी वरडून राहिली होती का चड्डी वलीच नाही झाली. शंकरभाऊनं वहीत तीन बारीक रेघा वढल्या, पन उठला नाही.

मी म्हटलं, झालं ना भाऊ, आले सारे, उठा आता.

"जहाजावर आले," तो म्हने. "घरी कुठी आले."

हे म्हनून तो चष्मा पुसत आंदर गेला. तेवढ्यात त्याची बायको, सुमनवहिनी, दोन कप चाय घेऊन भायेर आली. मी आवाज खाली करून तिले म्हटलं, वहिनी, मी होतो म्हनून भाऊचा दिवस निंगाला, एकटा असता तं कठीन होतं.

वहिनीनं कप माह्यासमोर ठेवला.

"सोबत तुह्यी नोयती रे पंढरी. सकाळपासून तुहे भाऊच म्हनून राहिले, पंढरीले घरी कोनी पुसत नाही, बसू दे त्याले इथं, अन् चाय टाकशीन तं त्याच्यासाठीही टाकजो."