भोये सरांचे दोन खण

आमच्या मोखाड्याच्या शाळेतले भोये सर शिपायाला चहा सांगायला पाठवत आणि तो परतला की विचारत, "चहावाला बोलला काय, आणि दिलं काय?" बोललेलं असे, "आत्ता आणतो." दिलेलं बहुतेकदा काहीच नसे.

हे खूळ कॉम्प्युटरमधून आलं. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा सरांनी एक प्रोग्राम लिहिला. पोरांनी चौकटीत कोडची कुठलीही ओळ टाइप करायची, प्रोग्राम ती तिथल्या तिथे चालवणार. पण ओळ पडद्यावर काहीतरी छापून मोकळी होई आणि उत्तर म्हणून हाती काय ठेवलं, ते कळत नसे. सरांनी दोन्ही पकडून दोन खणांत ठेवलं. मी मराठीचा मास्तर, पण मलाही ते बघायची चटक लागली. पाच आणि तीनची बेरीज टाकली की उत्तराच्या खणात आठ, छापलेल्याचा खण कोरा. 'नमस्कार' छापायला सांगितलं की तो छापलेल्याच्या खणात, आणि उत्तराचा रिकामा.

"हेडमास्तरांचं भाषण," सर गंभीरपणे म्हणाले.

घरीही हेच. शेवटी सुमनवहिनी वैतागून माहेरी, जामसरला गेल्या, त्या आल्याच नाहीत. सर वाळत चालले. स्वतः जायला धजत नव्हते. एक दिवस मला म्हणाले, "तुम्ही जा. बोलेल ते वेगळं आणा, देईल ते वेगळं."

मी मोटारसायकल काढली. वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होत्या.

"भावजी, तो माणूस हाय का मशीन? मी म्हटलं ताप आलाय, तं म्हणतात, बोललीस ते कळलं, थर्मामीटरात किती आला? मी त्या घरात पाय ठेवायची नाय." हे बराच वेळ चाललं. मी निघालो तेव्हा त्या आत जाऊन एक फुगलेली पिशवी घेऊन आल्या. "एवढी न्या गाडीवर. उद्या जीपला गर्दी असेल."

संध्याकाळी मी सरांना सगळं ऐकवलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. "खरंय तिचं," म्हणाले.

मग मी पिशवी पुढे केली आणि उद्याच्या जीपचं सांगितलं. वर वहिनींच्या घडी घातलेल्या साड्या होत्या. सरांनी कोपऱ्यातला झाडू उचलला.

"कुठल्या जीपने येणार?"

"ते नाही सांगितलं."

"मग पहिलीपासून थांबतो," सर म्हणाले आणि घर झाडायला लागले.