शिसवाचं घर आणि केळीचा खांब

कर्र... कर्र... कर्र... कट्ट!

मुलांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. तेव्हा मी तुमच्याएवढाच होतो. गिरमिट लाकडात फिरतं तेव्हा कर्र होतं, एवढं मला ठाऊक होतं. पण 'कट्ट' झाल्यावर पुढे काहीच ऐकू येईना. मी बराच वेळ कान देऊन बसलो. तो आवाज कुठून आला होता, ते आज सांगतो. जरा सरकून बसा.

एका जंगलात गोंदाजी नावाचा धनेश पक्षी राहत होता. चोच ही मोठी, आणि चोचीवर आणखी एक टोप. त्याच्या बायकोचं नाव भिवरा.

धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की बाई झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. एक लहानशी फट तेवढी ठेवते. त्या फटीतून नवऱ्याने तिला फळं भरवायची.

भिवराची वेळ जवळ आली होती.

"अहो," ती म्हणाली, "बेहड्याच्या झाडात जुनी ढोली आहे ना, तीच बरी."

"जुनी? आपण काय घुबडं आहोत? मी तुला शिसवात नवी ढोली पाडून देतो. टणक लाकूड! नातवंडं राहतील."

"पाडा. पण लवकर. अंडं मुहूर्त बघत नाही."

"तू चिखल मळायला घे. तोवर झालंच समज."

गोंदाजी झिपरूशेठ अस्वलाच्या दुकानात गेला. शेठने गिरमिटाची पाती मांडली.

"हे चपटं. खरवडत खरवडत जातं. हे बघ, याच्या टोकाला मळसूत्र आहे, बारीक आट्यांचं. सावकाश जातं. आणि हे जाड आट्यांचं. लावलं की आत!"

"यातलं चांगलं कुठलं?"

"सगळीच चांगली. माझ्या दुकानातली आहेत."

गोंदाजी गोंधळला. मग तो टोकेतात्यांकडे गेला. तात्या म्हणजे सुतारपक्षी. पूर्वी ते दिवसभर चोचीने लाकूड टोकरायचे. मग जंगलाने त्यांचा सत्कार केला, शाल दिली. तेव्हापासून ते चोच लाकडाला लावत नसत. नुसता सल्ला देत.

"पातं पारखून घ्यावं," तात्या म्हणाले.

"मग शिसवावरच फिरवून बघू की."

तात्या मायेने हसले. "अरे बाळा, शिसवावर फिरवलं तर नव्या पात्याची धार जाईल. मग बोथट पात्याने ढोली पाडणार का? केळीचा खांब आणा."

सगळ्यांना हे पटलं. मुलांनो, मलाही पहिल्यांदा पटलं होतं.

माकडांनी केळीचा खांब आणला. चपटं पातं फिरवलं. चीक उडाला आणि शेठच्या डोळ्यात गेला. चपटं बाद झालं. बारीक आट्यांचं सावकाश जाऊ लागलं. फिरवता फिरवता माकडाला जांभई आली. तेही बाद.

मग जाड आट्यांचं लावलं. ते खांबात शिरलं, पलीकडून निघालं, आणि पाठोपाठ माकडही निघालं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, झालं का?" भिवराने लांबून हाक मारली. तिला आता चालताना धाप लागत होती.

"निवड झाली गं! आता तात्या दोन शब्द बोलताहेत!"

तात्यांचे दोन शब्द दुपारपर्यंत चालले. मग पात्याला झेंडूची माळ घातली आणि वाजतगाजत सगळे शिसवाकडे निघाले.

माकडांनी पातं लावलं. कर्र... कर्र...

"बघा, बघा, कसं ओढून घेतंय!" शेठ ओरडला.

कर्र... कट्ट!

पातं अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. माकडं मुठीला लोंबकळली. अस्वलाने माकडांच्या शेपट्या ओढल्या. माकडं सुटून आली, पातं आलं नाही.

"पात्याचा काही दोष नाही," तात्या म्हणाले. "हे शिसव केळीसारखं वागतच नाही."

"लाकडाची हमी मी दिलीच नव्हती," शेठ म्हणाला.

एवढ्यात भिवरा आली. तिच्या चोचीत मळलेला चिखल होता. तिने शिसवाकडे पाहिलं. पातं रुतलं होतं, माळ लोंबत होती. आत जायला मुंगीलाही वाट नव्हती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"अगं, पातं बरोबरच निवडलं होतं," गोंदाजी चाचरत म्हणाला. "सगळ्यांनी बघितलंय. विचार हवं तर."

भिवरा वळली आणि बेहड्याच्या वाटेला लागली. अंगात उडायचं बळ नव्हतं, म्हणून पायीच निघाली.

"रागावली का हो?" गोंदाजीने विचारलं.

"छे!" तात्या म्हणाले. "तोंडात चिखल आहे ना, म्हणून बोलत नाही."

हेही सगळ्यांना पटलं. गोंदाजीला मात्र नीटसं पटलं नाही. तो घाईघाईने चार उंबरं तोडून तिच्या मागे धावला.

"भिवरा, अगं ऐक! फट तरी ठेवशील ना?"

भिवरा चालत राहिली.

तात्पर्य: पातं नेहमी केळीच्या खांबावरच पारखावं. शिसवावर पारखलं तर कुठलं चालतं ते लगेच कळतं, आणि मग माळ घालायला, भाषण करायला काही निमित्तच उरत नाही.